दहा वर्षांची भागीदारी आणि न जुळलेला हिशेब : पूर्व आफ्रिकी समुदाय, १९६७ ते १९७७

केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांच्या पूर्व आफ्रिकी समुदायाचे आर्थिक वर्ष ३० जून १९७७ रोजी संपले. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पावर तिघांची संमती झालेली नव्हती. १ जुलैपासून टांझानियातल्या अरुषा शहरातल्या मुख्यालयाचा खर्च कोणी द्यायचा, याचे उत्तर एकाही राजधानीकडे नव्हते. समुदाय बंद पडला तो एवढ्यावर.

बंद पडले ते काही साधेसुधे नव्हते. तिन्ही देशांची रेल्वे एक होती. मोंबासा, टांगा, दार-एस-सलाम ही बंदरे एकाच महामंडळाकडे होती. टपाल आणि तारखाते एक, विमान कंपनी एक. हवामान खाते, सीमाशुल्क खाते, शेती आणि रोगराईवरच्या संशोधन संस्था, विकास बँक, एवढेच काय, कायदे करणारी एक सामायिक विधानसभाही होती. युरोपीय आर्थिक समुदायाचा त्या काळी मोठा बोलबाला होता, पण त्यांच्याकडेही सामायिक रेल्वे किंवा सामायिक विमान कंपनी नव्हती. शेजारी देशांनी एकत्र कसे यावे याचा नमुना म्हणून अभ्यासक त्या दिवसांत अरुषाकडे बोट दाखवत.

हा नमुना का मोडला, याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर युगांडाचा लष्करी हुकूमशहा इदी अमीन. दुसरे, केनियाची भांडवलशाही आणि टांझानियाचा समाजवाद एका छपराखाली नांदणे शक्य नव्हते. दोन्हींत तथ्य आहे. पण तारखा लावून पाहिल्या की अडचण होते. तिन्ही देशांचे सामायिक चलन मोडले १९६६ मध्ये. सामायिक पूर्व आफ्रिका विद्यापीठाचे मकेरेरे, नैरोबी आणि दार-एस-सलाम असे तीन तुकडे झाले १९७० मध्ये. अमीन सत्तेवर आला तो १९७१ च्या जानेवारीत. म्हणजे भिंतीला तडे आधीच गेलेले होते. ते कशाने गेले, हे पाहायचे तर पैशाच्या वाटणीपाशी जावे लागते.

रेल्वेने बांधलेले घर

मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी रेल्वे इंग्रजांनी १८९६ मध्ये बांधायला घेतली आणि १९०१ मध्ये ती किसुमूला पोचली. ती बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. रुळांची रुंदीही आपल्याकडची, मीटर गेज. पुढे स्टेशनांत, कस्टममध्ये आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करायला गोव्याहून माणसे गेली. १९२० पर्यंत तिथले व्यवहार रुपयात होत. त्यानंतर पूर्व आफ्रिकी शिलिंग आला.

या रेल्वेच्या निमित्ताने जो प्रदेश जोडला गेला, त्याचे केंद्र नैरोबी झाले. केनिया आणि युगांडा यांचा सीमाशुल्क संघ १९१७ चा. टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, १९२० च्या दशकात त्यात ओढला गेला. गोऱ्या शेतकऱ्यांची वस्ती केनियाच्या डोंगराळ भागात, म्हणून बँका, विमा कंपन्या, दुरुस्तीचे कारखाने, साबण, बिस्किटे, सिमेंट, बूट असे सगळे नैरोबी आणि मोंबासाच्या आसपास उभे राहिले. बाहेरच्या मालावर तिन्ही प्रदेशांत सारखीच जकात. त्यामुळे टांगानिकातला माणूस इंग्लंड-जपानच्या स्वस्त मालाऐवजी केनियाचा महाग माल घेई, आणि टांगानिकाच्या तिजोरीला त्यावर जकातही मिळत नसे. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात उद्योग साठत गेले आणि विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष वाढत गेला, हे गाऱ्हाणे आपल्या वाचकाला नवे नाही. पण आपल्याकडे तिजोरी एक होती, सरकार एक होते. इथे एकाच बाजारपेठेत तीन तिजोऱ्या होत्या.

हा असमतोल इंग्रजांच्याही ध्यानात आलेला होता. १९६१ मध्ये सर जेरेमी रेसमन यांच्या आयोगाने त्यावर एक तोडगा सुचवला. हे रेसमन म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखाते सांभाळणारे गृहस्थ. तोडगा असा : उद्योग आणि वित्त क्षेत्रातल्या कंपन्यांच्या प्राप्तिकरातला ४० टक्के वाटा आणि सीमाशुल्क व अबकारीतला ६ टक्के वाटा एका सामायिक निधीत टाकायचा. त्यातल्या निम्म्यातून सामायिक सेवांचा खर्च भागवायचा आणि उरलेला निम्मा तिघांत सारखा वाटायचा. निधीत सर्वांत जास्त भर केनियाची, वाटा मात्र सारखा. म्हणजे पैसा खरोखरच श्रीमंताकडून गरिबाकडे जात होता. रक्कम फार मोठी नव्हती. पण दिशा बरोबर होती, आणि यासाठी व्यापार अडवावा लागत नव्हता. या निधीचे पुढे काय झाले, यात मला या प्रकरणाची किल्ली दिसते.

संघराज्याचे स्वप्न, तीन वर्षांचे

१९६० मध्ये टांगानिकाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी एक विलक्षण गोष्ट सुचवली होती. केनिया आणि युगांडा मोकळे होईपर्यंत टांगानिकाचे स्वातंत्र्य लांबवायला आपण तयार आहोत, म्हणजे तिघे एकदमच एक संघराज्य म्हणून जन्माला येतील. ते जमले नाही. टांगानिका डिसेंबर १९६१ मध्ये, युगांडा ऑक्टोबर १९६२ मध्ये आणि केनिया डिसेंबर १९६३ मध्ये, अशी तिघांची तोंडे वेगवेगळ्या दिवशी उजळली. ५ जून १९६३ रोजी नैरोबीत केनियाचे केन्याटा, टांगानिकाचे न्येरेरे आणि युगांडाचे ओबोटे यांनी वर्षअखेरपर्यंत संघराज्य करण्याची घोषणा केली. वर्ष संपले, संघराज्य झाले नाही. युगांडात बुगांडा राज्याला आपली गादी मोठ्या संघात विरून जाण्याची भीती होती. शिवाय घानाचे एनक्रुमा यांचा अशा प्रादेशिक संघांना विरोध होता. त्यांच्या मते सगळ्या आफ्रिकेच्या एकीत ते अडथळे होते. राजधानी कुठे, परराष्ट्र खाते कोणाचे, हे प्रश्न तर होतेच.

न्येरेरेंचा अंदाज खरा ठरला. एकदा झेंडा, राष्ट्रगीत आणि संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची मिळाली की ती कोणी परत करत नाही.

टायरची गोष्ट

संघराज्य बारगळल्यावर टांगानिकाने वाटणीचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९६४ मध्ये कंपाला इथे एक समझोता झाला. कोणता कारखाना कोणाकडे, हे आधीच ठरवून घ्यायचे. टांगानिकाच्या वाट्याला टायर, लँड रोव्हरची जुळणी, रेडिओची जुळणी आणि अॅल्युमिनियमची पत्री. युगांडाला सायकली आणि नत्रयुक्त खत. केनियाला विजेचे दिवे. कल्पना चांगली होती, कारण तिन्ही देश मिळून लोकसंख्या बरी असली तरी क्रयशक्ती इतकी थोडी की टायरचा एकच कारखाना धड चालेल.

केनियाने या समझोत्याला शेवटपर्यंत रीतसर मान्यता दिली नाही. पुढे काय झाले ते पाहा. १९७० च्या सुमारास नैरोबीत फायरस्टोनचा टायर कारखाना आला आणि अरुषात जनरल टायरचा. या दोन शहरांत गाडीने काही तासांचे अंतर. एका कारखान्याच्या बाजारपेठेत दोन कारखाने, दोघेही संरक्षण मागणारे, दोघांच्याही मालाची किंमत ग्राहकाच्या खिशातून. परदेशी कंपन्यांना यात दोष देण्यात अर्थ नाही. तीन सरकारे एकमेकांवर चढाओढ करत सवलती घेऊन दारात उभी असतील, तर कंपनी त्याचा फायदा घेणारच.

दरम्यान १९६५ मध्ये तिघांनीही स्वतंत्र मध्यवर्ती बँका काढायचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी तीन चलने आली. मोडतोड थांबवण्यासाठी डेन्मार्कचे अर्थतज्ज्ञ आणि माजी मंत्री केल फिलिप यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यातून ६ जून १९६७ रोजी कंपालात करार झाला आणि १ डिसेंबरपासून तो अमलात आला. हाच पूर्व आफ्रिकी समुदाय.

करारात समजूतदारपणा भरपूर होता. सगळी कार्यालये नैरोबीत एकवटली होती, ती विखुरली. सचिवालय अरुषाला, टपाल-तार महामंडळ कंपालाला आणि लवकरच बंदरांचे महामंडळ दार-एस-सलामला गेले. रेल्वे आणि विमान कंपनी नैरोबीत राहिल्या. पूर्व आफ्रिकी विकास बँकेत तिघांनी सारखे भांडवल घालायचे, पण कर्जे मात्र युगांडा आणि टांझानियाला प्रत्येकी ३८.७५ टक्के आणि केनियाला २२.५ टक्के. हे कलम मला त्या करारातले सर्वांत प्रामाणिक कलम वाटते. ते असमानता मान्य करते आणि आकडा लिहून मोकळे होते.

मात्र याच करारात रेसमनचा सामायिक निधी गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी आला हस्तांतरण कर. नाव असे असले तरी त्यात हस्तांतरण कसलेच नव्हते. ज्या देशाला शेजाऱ्याशी कारखानी मालाच्या व्यापारात तूट येते, त्याने त्या शेजाऱ्याच्या मालावर कर लावायचा. कराची कमाल मर्यादा बाहेरच्या मालावरच्या जकातीच्या निम्मी. मुदत आठ वर्षे. आणि अट अशी की तोच माल आपल्या देशात तयार होत असला पाहिजे, किंवा तीन महिन्यांत होणार असला पाहिजे, आणि वर्षभरात देशाच्या खपाच्या निदान १५ टक्के भरेल किंवा ठरावीक किमतीचा होईल इतकी क्षमता हवी.

ही अट नीट वाचली की तिची गंमत, खरे तर शोकांतिका, कळते. केनियाच्या बिस्किटांवर कर लावायचा असेल तर टांझानियाने आधी स्वतः बिस्किटांचा कारखाना काढला पाहिजे. साबणावर कर हवा तर साबणाचा. एकच माल तीन ठिकाणी तयार करायला करारानेच बक्षीस ठेवले. शिवाय पैसा केनियाच्या तिजोरीतून कुठेच गेला नाही. कर भरला टांझानियाच्या आणि युगांडाच्या ग्राहकाने. गरीब भागीदाराला भरपाई हवी होती, त्याला दिले छोटे, महाग, निम्म्या क्षमतेने चालणारे कारखाने. बाजारपेठ एकत्र करण्यासाठी केलेल्या करारात बाजारपेठ तोडण्याचे यंत्र बसवले गेले, तेही समतेच्या नावाने.

केनियाची बाजूही ऐकली पाहिजे. नैरोबीत कारखाने आले ते कोणाचे हिसकावून नव्हे. तिथे बंदराची वाट, वीज, कुशल कामगार आणि आधीची बाजारपेठ होती. आपल्या करदात्यांचा पैसा शेजाऱ्याला का द्यायचा, हा प्रश्न नैरोबीच्या मंत्र्यांना लोकांसमोर पेलवणारा नव्हता. नव्या स्वतंत्र देशात जमीन मागणारे, नोकरी मागणारे हजारो लोक दारात होते. पण आपसांतल्या व्यापारातली निम्म्याहून बरीच अधिक निर्यात केनियाची होती. ती बाजारपेठ टिकवण्याची काही किंमत मोजायला हवी होती, ती मोजायची तयारी नव्हती.

पैसे अडकवण्याची सवय

महामंडळांचा व्यवहार बाहेरून सरळ दिसतो. मोशीच्या स्टेशनावर तिकीट विकले, टांझानियाच्या शिलिंगात पैसे आले, ते नैरोबीच्या मुख्यालयात पाठवले, तिथून डबे, डिझेल, पगार. सामायिक चलन होते तोवर ही नुसती बँकेतली नोंद होती. तीन चलने झाल्यावर आणि विशेषतः परकीय चलनावर निर्बंध आल्यावर प्रत्येक पाठवणीला मध्यवर्ती बँकेची परवानगी लागू लागली. युगांडा आणि टांझानियाकडे परकीय चलनाची चणचण. मग पाठवणी लांबायची. आपल्याकडे जमलेला पैसा नैरोबीला कशाला द्यायचा, असा हिशेब दार-एस-सलाममध्ये होऊ लागला. केनियातूनही मग आखडता हात. १९७० च्या दशकाच्या मध्यावर रेल्वेच्या मुख्यालयात रोख रकमेचा तुटवडा पडला. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून इंजिने उभी. गाड्या वेळेवर नाहीत म्हणून व्यापारी मालमोटारींकडे वळले, आणि रेल्वेचे उत्पन्न आणखी घटले.

मालमोटारी बहुतांश केनियातल्या. त्या टांझानियाच्या रस्त्यांवरून झांबियापर्यंत माल नेत. रस्ते आमचे खराब होतात, भाडे तुमच्या खिशात जाते, अशी टांझानियाची तक्रार होती. १९७४ च्या सुमारास अवजड मोटारींवर बंधने आली. पर्यटनातही तेच. परदेशी पाहुणे नैरोबीत उतरत, केनियाच्या कंपन्यांच्या गाड्यांतून सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो पाहून परत जात. टांझानियाला उरे तो प्रवेशशुल्क आणि धुरळा. म्हणून १९७१ मध्ये टांझानियाने किलिमांजारोजवळ स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडला.

टांझानियाची पाठ उत्तरेकडे फिरत चालल्याची सर्वांत मोठी खूण म्हणजे ताझारा रेल्वे. चीनच्या बिनव्याजी कर्जातून दार-एस-सलाम ते झांबियातले कापिरी म्पोशी अशी १,८६० किलोमीटरची ही रेल्वे १९७० ते १९७५ या काळात बांधली गेली. तिचा उद्देश वेगळा होता. झांबियाचे तांबे ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटींना टाळून समुद्रापर्यंत आणायचे. पण दोन गोष्टी परिणामकारक ठरल्या. तिचे रूळ दक्षिणेकडच्या मापाचे, १,०६७ मिलिमीटरचे. पूर्व आफ्रिकी रेल्वे १,००० मिलिमीटरची. डबे एकमेकांच्या रुळांवर जाऊ शकत नव्हते. दुसरे म्हणजे, बांधकामाचा स्थानिक खर्च भागवण्यासाठी टांझानियाने चिनी वस्तू उधारीवर आयात करून विकायच्या, अशी व्यवस्था होती. दुकानांच्या फळ्यांवर ज्या चिनी वस्तू आल्या, त्यांनी बऱ्याच ठिकाणी केनियाच्या मालाची जागा घेतली. आयात-निर्यात तोवर टांझानियात सरकारी महामंडळाकडे गेलेली होती. त्यामुळे हे करायला जकातही लावावी लागली नाही, फक्त मागणी नोंदवायची नाही.

१९६७ च्या फेब्रुवारीतल्या अरुषा घोषणेनंतर टांझानियाने बँका आणि मोठे उद्योग सरकारी केले होते. दोन्ही बाजूंची वृत्तपत्रीय खडाजंगी त्या काळात रंगली. केनिया हा माणसाने माणसाला खाण्याचा समाज, असे टांझानियाकडून म्हटले गेले. तुमच्याकडे तर माणसाला खायलाच काही नाही, असे केनियाकडून उत्तर आले. विचारसरणीचा वाद खरा होता. तरी समाजवादी आणि भांडवलशाही देशांनी एकच टपालखाते चालवण्यात तत्त्वाची अडचण काही नाही. टपालखात्याचे पैसे वेळेवर पाठवले जात नव्हते, ही अडचण होती.

तीन खुर्च्यांची सभा

करारानुसार सर्वोच्च सत्ता होती पूर्व आफ्रिकी प्राधिकरणाकडे, म्हणजे तीन राष्ट्राध्यक्षांकडे. निर्णय एकमताने. त्यांच्या खाली तीन पूर्व आफ्रिकी मंत्री, परिषदा, न्यायाधिकरण, सगळे होते, पण गाठ सोडवायची ती वरच. केन्याटा, न्येरेरे आणि ओबोटे यांचे एकमेकांशी पटो न पटो, ते एका खोलीत बसत होते.

२५ जानेवारी १९७१ रोजी ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेलेले असताना इदी अमीनने सत्ता घेतली. ओबोटेंना न्येरेरेंनी आसरा दिला. अमीनला राष्ट्राध्यक्ष मानायला आणि त्याच्याबरोबर एका टेबलाशी बसायला त्यांनी नकार दिला. त्यानंतर प्राधिकरणाची एकही बैठक झाली नाही. अर्थसंकल्प आणि नेमणुका पुढची सहा वर्षे कागद या राजधानीतून त्या राजधानीत फिरवून, सह्या घेऊन चालत राहिल्या. मधल्या निरोप्याचे काम बऱ्याचदा केन्याटांकडे.

न्येरेरेंचा नकार नैतिकदृष्ट्या समजण्यासारखा होता. अमीनच्या कत्तली पुढे सगळ्या जगाने पाहिल्या. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. त्यात गुजराती व्यापाऱ्यांबरोबर एंटेबे-कंपालात पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या करणारी गोव्याची कुटुंबेही होती. पण कराराच्या दृष्टीने पाहिले तर दोष नकारात नाही, रचनेत आहे. एका माणसाने बसायला नकार दिला की सगळे यंत्र थांबावे, अशी व्यवस्था तिघांनी मिळून लिहिली होती. पाठवणी अडली, मालमोटारी अडल्या, कर आकारणीवर तंटा झाला, या सगळ्यांचा निकाल लावणारी जागाच उरली नाही. हुकूमशहा नसता तर समुदाय टिकला असता असे मला वाटत नाही. भांडणे मात्र काही वर्षे तुंबत न राहता निघाली असती.

आशियाईंच्या हकालपट्टीनंतर युगांडाचे साखर आणि कापड कारखाने ढासळले आणि त्याची शेजाऱ्यांना होणारी निर्यातही. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमीनने केनियाच्या पश्चिम भागावर, नैरोबीपासून ३२ किलोमीटरपर्यंतच्या प्रदेशावर, हक्क सांगितला. जुलैमध्ये एंटेबे विमानतळावरच्या इस्रायली कारवाईनंतर परतणाऱ्या विमानांनी नैरोबीत इंधन घेतले, त्याचा राग युगांडातल्या केनियन लोकांवर निघाला. कराराची डागडुजी सुचवण्यासाठी त्रिनिदादचे विल्यम डेमास यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला होता. वाचायला कोणी शिल्लक नव्हते.

सहा महिने

जानेवारी १९७७ मध्ये कर्जात बुडालेल्या ईस्ट आफ्रिकन एअरवेजची विमाने जमिनीवर आली. केनियाने लगोलग केनिया एअरवेज उभी केली आणि ४ फेब्रुवारीला तिचे पहिले उड्डाण झाले. त्याच आठवड्यात टांझानियाने केनियाबरोबरची सीमा बंद केली. आत असलेल्या केनियन पर्यटन कंपन्यांच्या गाड्या आणि छोटी विमाने अडकवली गेली. व्होई-मोशी रेल्वेमार्गावरची वाहतूक थांबली. टांझानियाला वाटले, आता पर्यटक थेट किलिमांजारोला उतरतील. आरंभी तसे झाले नाही. केनियाला वाटले, टांझानिया थोड्या दिवसांत वठणीवर येईल. सीमा उघडली ती नोव्हेंबर १९८३ मध्ये.

समुदाय बुडाल्याच्या आनंदात केनियाचे महाधिवक्ता चार्ल्स न्जोन्जो यांनी शँपेनचे पेले उंचावले, हा किस्सा पूर्व आफ्रिकेत अजून सांगतात. अक्षरशः खरा असो वा नसो, नैरोबीच्या सत्तेतल्या एका गटाला समुदाय नकोसा झाला होता, एवढे त्यातून दिसते.

वाटणीची वाटणी

मग सुरू झाले ते खरे दळभद्री काम. इंजिने, डबे, विमाने, तारयंत्रे, इमारती, कर्जे, निवृत्तिवेतन निधी. जागतिक बँकेच्या पुढाकाराने स्विस मुत्सद्दी व्हिक्टर उंब्रिख्ट मध्यस्थ झाले आणि या कामाला काही वर्षे लागली. मध्येच १९७८-७९ मध्ये टांझानिया आणि युगांडाचे युद्ध होऊन अमीन पळाला. १४ मे १९८४ रोजी अरुषात करार झाला. मालमत्तेच्या वाटणीचे प्रमाण ठरले केनिया ४२ टक्के, टांझानिया ३२ टक्के आणि युगांडा २६ टक्के. जिथली वस्तू तिथेच ठेवायची, आणि वाट्यापेक्षा जास्त ज्याच्याकडे असेल त्याने इतरांना भरपाई द्यायची. हे तत्त्व १९६७ मध्ये सुचले असते तर, असे हा करार वाचताना मनात येतेच. पैसा एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत देऊन हिशेब पुरा करणे, हे मोडल्यावर जमले.

समुदायाचे जुने कर्मचारी मात्र निवृत्तिवेतनासाठी पुढची कित्येक वर्षे दार-एस-सलामच्या रस्त्यांवर आणि न्यायालयांत उभे राहिले. विकास बँक तेवढी जिवंत राहिली. १९८० मध्ये नवी सनद घेऊन ती चालू राहिली आणि आजही कंपालात आहे.

दुसरा डाव

केनियाचे मोई, टांझानियाचे म्कापा आणि युगांडाचे मुसेवेनी यांनी ३० नोव्हेंबर १९९९ रोजी अरुषात नवा करार केला. ७ जुलै २००० पासून तो अमलात आला. त्याच्या प्रास्ताविकातच पहिला समुदाय का मोडला हे लिहून ठेवले आहे : राजकीय इच्छाशक्तीचा अभाव, खासगी क्षेत्र आणि समाजाचा अपुरा सहभाग, आणि लाभांची विषम वाटणी. सरकारे आपल्या आधीच्या अपयशाची कारणे करारात लिहितात, हे फार थोड्या ठिकाणी घडले असेल.

सीमाशुल्क संघ १ जानेवारी २००५ पासून सुरू झाला तेव्हा हा धडा अर्धा पाळला गेला. युगांडा आणि टांझानियाचा माल केनियात पहिल्या दिवसापासून विनाजकात. केनियाच्या काही मालावर मात्र १० टक्क्यांपासून उतरती जकात, पाच वर्षांत शून्यावर. यात गरीब भागीदारांना वेळ मिळाला. कारखाना काढला तरच कर, अशी अट नव्हती. पण वेळ संपला की संपला. रेसमनच्या निधीसारखे थेट पैसे हलवणारे काही नव्या रचनेतही आलेले नाही.

रुवांडा आणि बुरुंडी २००७ मध्ये आले, दक्षिण सुदान २०१६ मध्ये, काँगो २०२२ मध्ये, सोमालिया २०२४ मध्ये. आठ सदस्य झाले. सचिवालयाच्या खर्चासाठी करारातली मूळ तरतूद समान वर्गणीची. केनियाएवढीच बुरुंडीची. थकबाकी नित्याची झाली आहे आणि पैशाअभावी विधानसभेचे कामकाज अडल्याच्या बातम्याही येतात. १९६७ मध्ये श्रीमंताला जास्त द्यायचे नव्हते, आता गरिबाला तेवढे देता येत नाही.

जुन्या सवयीही डोकावतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये टांझानियाने केनियातून आलेली सुमारे ६,४०० कोंबडीची पिल्ले नामांगाच्या सीमेवर जाळली, कारण म्हणे रोगराई. कच्च्या तेलाची वाहिनी कुठून न्यायची, हे युगांडाने २०१६ मध्ये ठरवले आणि केनिया सोडून टांझानियातले टांगा बंदर निवडले. केनियाने मोंबासा-नैरोबी रुंद रेल्वे २०१७ मध्ये सुरू केली, ती नैवाशाजवळ थांबली. टांझानियाची दार-एस-सलाम ते दोदोमा ही विजेवरची रेल्वे २०२४ मध्ये धावू लागली. दोन्हींचे लक्ष्य एकच, सरोवरापलीकडच्या देशांचा माल. १९७० च्या टायर कारखान्यांपेक्षा या प्रकल्पांचा खर्च कितीतरी मोठा आहे.

राहिला खुर्च्यांचा प्रश्न. शिखर परिषदेतले निर्णय अजूनही सहमतीनेच होतात. जानेवारी २०२५ मध्ये एम२३ बंडखोरांनी काँगोतले गोमा शहर घेतले. रुवांडा त्यांच्या पाठीशी असल्याचा काँगोचा आरोप, आणि दोघेही समुदायाचे सदस्य. २९ जानेवारीला दूरदृश्य माध्यमातून तातडीची शिखर परिषद झाली, तिला काँगोचे राष्ट्राध्यक्ष शिसेकेडी आले नाहीत. १९७१ ची आठवण होणे साहजिक आहे. फरक एवढा की आज मंत्र्यांच्या परिषदेला स्वतःचे अधिकार आहेत, अरुषातले न्यायालय सदस्य देशांविरुद्ध निकाल देते, आणि काँगो-रुवांडाच्या वादासाठी केनिया-युगांडा सीमेवरच्या मलाबा आणि बुसियाच्या नाक्यांवरची वाहतूक थांबली नाही. मात्र गोम्यातले युद्धही त्या परिषदेने थांबले नाही. पूर्व काँगोत पाठवलेली समुदायाची फौज तर २०२३ च्या डिसेंबरातच परतली होती, काँगोच्या सरकारने तिची मुदत वाढवायला नकार दिला म्हणून.